रुळांकाठचं गाव आणि नकाशांची थप्पी

वेस्ट व्हर्जिनियातल्या थरमंड गावात मुख्य रस्ता कधी झालाच नाही. न्यू नदीच्या खोल घळीत डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जेवढी सपाटी होती तेवढी रेल्वेने घेतली आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव उभं राहिलं. दुकानांची आणि बँकेची दारं थेट रुळांकडे उघडायची. गाडीतून उतरलेला माणूस रूळ ओलांडला की बाजारात. चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा मार्ग या घळीतून १८७३ साली पुरा झाला. त्याच वर्षी कॅप्टन विल्यम थरमंड यांना जमीनमोजणीच्या कामाचा मोबदला म्हणून इथली ७३ एकर जमीन मिळाली. गावाचा जन्म असा मोजणीच्या मजुरीतून झालेला आहे.

पुढे कोळशाने गावाचं सोनं केलं. आसपासच्या ओढ्यांतल्या खाणींचा माल डब्यांतून इथे यायचा, त्याच्या गाड्या जुळायच्या, वाफेच्या इंजिनांना पाणी-कोळसा मिळायचा आणि दुरुस्तीही इथेच व्हायची. १९१०च्या सुमाराला दिवसाला १५ प्रवासी गाड्या थरमंडला थांबत आणि वर्षाला ९५ हजारांपर्यंत माणसं इथे चढत-उतरत. १९३०च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ४६२ होती, २००० साली ७, आणि २०१० व २०२० या दोन्ही जनगणनांत ५.

या गावाचे आणि त्याच्या शेजारच्या ओसाड वस्त्यांचे जुने नकाशे आजच्या नकाशावर अचूक बसवणं हे एका भू-माहिती तज्ज्ञ महिलेचं काम. पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेली, नंतर अमेरिकेत भू-माहितीच्या क्षेत्रात गेलेली. ती ज्या कार्यालयात काम करते तिथे कुणाला डोंगरउतार बळकट करायचा असतो, कुणाला जुन्या रेल्वेमार्गावर पायवाट काढायची असते, कुणाला एखाद्या घराखालून खाणीचा बोगदा गेला आहे का ते बघायचं असतं. बंद पडलेल्या खाणींची तोंडं, कोळशाच्या चुऱ्याचे ढीग, उखडलेल्या फाट्यांचे भराव या गोष्टी झाडीखाली दडलेल्या असतात. मोठ्या पावसात तिथून पाणी फुटतं, दरड येते. कुदळ लावण्याआधी जुना नकाशा बघावाच लागतो.

साधन म्हणून हे नकाशे अफाट आहेत. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं १८७९ साली स्थापन झालं आणि १८८०च्या दशकात त्याने देशाच्या स्थलनिर्देशक नकाशांचं काम हाती घेतलं. आधीची पानं अर्ध्या अंशाची, १:१,२५,००० या प्रमाणाची. मग पाव अंशाची, १:६२,५०० प्रमाणाची. आपल्याकडच्या जुन्या ‘एक इंच, एक मैल’ टोपोशीटच्या अगदी जवळची. आणि त्यानंतर साडेसात मिनिटांची, १:२४,००० प्रमाणाची, ज्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला देशाचा सलग मुख्य भूभाग पुरा व्यापला. १८८४ ते २००६ या काळात छापलेली ही सगळी पानं, निरनिराळ्या आवृत्त्या धरून पावणेदोन लाखांहून अधिक, खात्याने स्कॅन करून सर्वांसाठी मोफत खुली केली आहेत. कुठल्याही पानावर सरकारी स्वामित्वहक्क नाही.

थरमंडचं सगळ्यात जुनं पान तिने पहिल्यांदा पडद्यावर मोठं केलं तेव्हा तिला कॉलेजातलं प्लेन टेबल आठवलं. तिपाईवर ठेवलेली फळी, तिच्यावर ताणलेला कागद, ॲलिडेडमधून लांबच्या खुणेवर नजर आणि त्याच दिशेने कागदावर ओढलेली रेघ. आपल्याकडचे स्थापत्याचे विद्यार्थी एक-दोन सत्रांत हे करतात आणि विसरून जातात. या घळीत मात्र माणसांनी तेच फळकूट खांद्यावर घेऊन, घनदाट झाडीतून, वर्षातले फिरण्याजोगे महिने डोंगर चढत-उतरत काढले. हिवाळ्यात कार्यालयात बसून शाई केली. मग तांब्याच्या तीन पत्र्यांवर उलटं कोरकाम: एका पत्र्यावर माणसाने केलेलं सगळं काळ्यासाठी, एकावर पाणी निळ्यासाठी, एकावर चढ-उतार तपकिरीसाठी. हे तिन्ही रंग एकावर एक बिनचूक बसले तरच नकाशा.

त्या जुन्या पानावरच्या समोच्च रेषा शंभर फुटांच्या अंतराच्या आहेत. घळीची खोली साधारण हजार फुटांची, म्हणजे नदीपासून माथ्यापर्यंत जेमतेम दहा रेषा. त्यातल्या मोजक्या बिंदूंची उंची प्रत्यक्ष मोजलेली असायची. मधला आकार सर्वेक्षक समोर डोंगर बघत हाताने रेखाटायचा. आज विमानातून लेझरचे झोत सोडून केलेलं लायडार सर्वेक्षण तिच्याकडे असतं, त्यात झाडांखालची पाऊलवाटसुद्धा दिसते. जुनी रेषा त्यावर ठेवली की ओढ्यांची वळणं कुठे-कुठे घसरलेली दिसतात, पण सोंडेचा उतार, खिंडीची बैठक, कड्याचा तुटका काठ हे ओळखू येतं. यंत्राच्या अचूकतेपुढे त्या माणसांची नजर हरली असं म्हणायला ती तयार नसते. रेखाटणाऱ्याला डोंगर कळला होता, हे त्या दहा रेषांत दिसतं.

नकाशा बसवायचा म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही पानांवर निश्चित सापडतील असे बिंदू हवेत. सगळीकडे रस्त्यांचे चौक घेतात. इथे ते चालत नाहीत, कारण रस्ते उशिरा आले आणि सरकले. नद्यांचे संगम पुराने हलतात. चर्च जळतं, दुसरीकडे बांधतात. टिकतो तो रेल्वेमार्ग. कातळ फोडून काढलेलं वळण कुणी सहज बदलत नाही. पुलाचे खांब आणि बोगद्यांची तोंडं सव्वाशे-दीडशे वर्षं जागच्या जागी असतात. त्यामुळे ती आधी रूळ जुळवते, मग बाकीचं.

इथे एक अडचण येते. १:१,२५,००० च्या पानावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर साडेबासष्ट मीटर. थरमंडला तेवढ्या जागेत दुहेरी मार्ग, बाजूचे रूळ, नदीकडेला स्टेशन आणि डोंगराकडेला दुकानांची रांग असा सगळा संसार मावतो. कागदावर हे सगळं जागच्या जागी काढलं तर काळा डाग होईल. म्हणून नकाशा काढणारा गोष्टी एकमेकींपासून थोड्या दूर सारतो: रूळ जागेवर ठेवतो, घरांचे चौकोन उताराकडे ढकलतो. वाचता यावं म्हणून केलेली ही तडजोड आहे, आणि ती शहाणपणाची आहे. मात्र तो चौकोन धरून जागेवर जाणाऱ्याला पाया भलतीकडेच सापडतो. १:२४,००० प्रमाणाच्या पानावरही खात्याने पाळायचा राष्ट्रीय नियम असा की तपासलेल्या ठळक बिंदूंपैकी नव्वद टक्के बिंदू कागदावर एक-पन्नासांश इंचाच्या आत बसावेत. जमिनीवर ते ४० फूट होतात. ४० फूट म्हणजे थरमंडमध्ये दुकानाच्या जागी रूळ.

यासाठी तिला दुसऱ्या कागदांचा आधार घ्यावा लागतो. १९१३च्या कायद्याने अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांच्या मालमत्तेचं मूल्यांकन करायचं ठरलं आणि त्यासाठी प्रत्येक मार्गाचे मोठ्या प्रमाणाचे आराखडे तयार झाले. त्यात प्रत्येक सांधा, मोरी, पाण्याची टाकी, फलाट आणि कंपनीच्या जमिनीची हद्द असते. स्थलनिर्देशक नकाशा डोंगर सांगतो, मूल्यांकनाचा आराखडा गावाचा पाया सांगतो. दोन्ही लायडारच्या चित्रावर ठेवले की जंगलातली एक सपाट बारीक पायरी अचानक बोलू लागते: ही उतारावर नैसर्गिकरीत्या झालेली सपाटी नाही, इथून खाणीकडे फाटा जात होता, आणि फाटा जिथे संपतो तिथे खाणीचं तोंड शोधायला हवं. हा क्षण कामातला सगळ्यात समाधानाचा, असं ती सांगते. प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर भराव पानांखाली लपलेला असतो, पण पायाला कळतो: चढावर चालता चालता एकदम सपाट, आणि बुटाखाली कोळशाची काळी खडी.

थरमंडच्या पानांची थप्पी क्रमाने बघितली की गावाची चढती-पडती दिसते, पण हवी तशी सरळ दिसत नाही. याचं कारण नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. सर्वेक्षणाचं वर्ष एक, आवृत्तीचं दुसरं आणि पुनर्मुद्रणाचं तिसरं. जुनी अर्ध्या अंशाची पानं नव्या तारखेने पुन्हा पुन्हा छापली गेली. आतला तपशील मात्र आधीच्याच मोजणीचा. भूवैज्ञानिक मारियस कॅम्बेल यांनी या परिसराचा रॅले नावाचा भूवैज्ञानिक संच १९०२ साली प्रसिद्ध केला. थरमंडला तेव्हा नगराचा दर्जा मिळून दोन वर्षं झाली होती आणि नदीपलीकडे थॉमस मॅकेल यांचं डनग्लेन हे शंभर खोल्यांचं हॉटेल वर्षभर चालू होतं. संचातल्या नकाशाची मोजणी मात्र त्याही आधीची. १९०२ हा आकडा बघून ‘या साली गाव एवढंच होतं’ असं लिहिणारा माणूस मनापासून लिहितो आणि तरी चुकीचं लिहितो. अशी वाक्यं स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकांत बऱ्याचदा भेटतात, आणि एकदा छापली की पुढच्या पुस्तिकेत जातात. तिला याचा त्रास होतो, आणि तो रास्त आहे.

हॉटेलाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी, जी कुठल्याच समोच्च रेषेत सापडत नाही. कॅप्टन थरमंड कडक बॅप्टिस्ट होते. आपल्या गावात त्यांनी दारू येऊ दिली नाही. नदीपलीकडची जमीन मॅकेल यांची, तिथे ही बंदी नव्हती. पुलाच्या एका टोकाला प्रार्थना आणि दुसऱ्या टोकाला पत्ते. डनग्लेनमधला पोकरचा एक डाव चौदा वर्षं चालला ही आख्यायिका तिथे अजून सांगतात. १९३० साली हॉटेल जळालं. नकाशा नदी दाखवतो, पूल दाखवतो, आणि दोन काठांवरच्या दोन कायद्यांची सीमा न दाखवता पुढे जातो.

खाली नदीच्या प्रवाहाबरोबर गेलं की नटलबर्ग लागतं. १९२०च्या दशकात हेन्री फोर्ड यांनी इथली खाण भाड्याने घेतली होती, कारण आपल्या पोलाद कारखान्याला लागणारा कोळसा आपणच काढायचा असं त्यांनी ठरवलं होतं. डोंगराच्या वरच्या थरातला कोळसा खाली रुळांपर्यंत आणणारा तेव्हाचा वाहक आणि खालचं छाननीघर आजही उभं आहे. कामगारांची वस्ती शॉर्ट क्रीक या ओढ्याने दुभागलेली होती: एका बाजूला गोरी कुटुंबं, दुसऱ्या बाजूला काळी. दक्षिणेतून रेल्वे आणि खाणींच्या कामासाठी आलेल्या हजारो काळ्या मजुरांनी हे खोरं उभारलं, पण वस्त्या वेगळ्या, चर्चं वेगळी आणि शाळाही वेगळ्या. राज्याच्या १८७२च्या घटनेतच गोऱ्या आणि काळ्या मुलांना एका शाळेत शिकवायचं नाही असं लिहिलेलं होतं.

हे नकाशावर कुठे दिसतं? शाळेची खूण म्हणजे काळा चौकोन आणि त्यावर झेंडा. चर्च म्हणजे चौकोन आणि त्यावर क्रूस. मुलं कुणाची, भक्त कोण, याची खूण नाही. पण मूठभर घरांच्या वस्तीत ओढ्याच्या दोन बाजूंना दोन झेंडे दिसले की ती आता थांबते. एवढ्याशा वस्तीला दोन शाळा का लागल्या, हा प्रश्न नकाशा स्वतः विचारत नाही. वाचणाऱ्याने विचारायचा असतो, आणि उत्तरासाठी जनगणनेच्या याद्या, शाळांची दप्तरं उघडायची असतात. अशा जागी जेव्हा पायवाट किंवा माहितीफलक होणार असतो तेव्हा ती आपल्या अहवालात दुसऱ्या शाळेचाही बिंदू टाकण्याचा आग्रह धरते. फलकावर बऱ्याचदा एकच शाळा जाते. दुसरी राहून जाते, कारण ती आधी बंद झाली, आधी कोसळली, आणि तिचा फोटो कुणाच्या आल्बममध्ये नव्हता.

नकाशावरचे चौकोन आणखी एका बाबतीत दगा देतात. जवळच्या ओक हिल गावाकडे राहणारे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी एकदा तिच्यासोबत मोठ्या प्रमाणाच्या पानावर वाकले होते. त्यांनी नकाशा वरून खाली वाचला नाही. आधी कोळसा भरण्याच्या मनोऱ्याची जागा शोधली. १९२२ साली बांधलेला, पाचशे टन कोळसा मावणारा तो काँक्रीटचा मनोरा अजून उभा आहे. तिथून त्यांनी रुळाच्या कडेने बोट सरकवत नेलं, जसं इंजिनातून दिसतं तसं. एका रांगेतल्या काही चौकोनांवर त्यांचं बोट थांबलं. ‘‘ही घरं यांनी मोजली खरी, पण तेव्हा यांच्यात कुणी राहत नव्हतं, तुला कसं माहीत असणार,’’ अशा आपुलकीच्या सुरात त्यांनी सांगितलं. डिझेल इंजिनं आली, त्यांना इथे थांबून पाणी-कोळसा घ्यायची गरज उरली नाही, दुरुस्तीच्या शेडमधली माणसं बदल्यांवर गेली. घरं मात्र काही वर्षं तशीच होती. हवाई छायाचित्रात छप्पर दिसलं की नकाशावर चौकोन येतो. चुलीतून धूर निघतो का, हे छायाचित्रात तपासत नाहीत. इंजिनांची शेड पुढे आगीत जळाली, तोवर गाव आतून रिकामं झालेलं होतं.

गाव रिकामं झाल्यानंतरच्या काही पानांवर जांभळा रंग येतो. नव्या हवाई छायाचित्रांवरून केलेल्या, पण प्रत्यक्ष फिरून न तपासलेल्या दुरुस्त्या जांभळ्यात छापायच्या असा खात्याचा नियम होता. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय अजून तपासायचं आहे, हे छापील कागदावर रंगाने वेगळं दाखवणारी ही पद्धत तिला फार आवडते. या क्षेत्रात तितका प्रामाणिकपणा आजच्या चकचकीत संगणकी नकाशांत क्वचित मिळतो.

२००९पासून खात्याचे नवे नकाशे माहितीसाठ्यांतून यंत्राने तयार होतात आणि ठरावीक काळाने नव्याने निघतात. रस्ते ताजे, नावं ताजी, उंची लायडारची. पण त्यांवर साधी घरं दाखवत नाहीत. शाळा, रुग्णालयं, अग्निशमन केंद्रं अशा निवडक इमारतींच्याच खुणा असतात. याचा परिणाम थरमंडसारख्या ठिकाणी विलक्षण होतो. जिथे आजही माणसं राहतात ती खेडी आणि जी तीस-चाळीस वर्षांपूर्वी उठून गेली ती खेडी, दोन्ही नव्या पानावर सारखीच दिसतात: हिरवा उतार, तपकिरी रेषा, एखादं नाव. ताज्या माहितीचं पान आहे म्हणून जुनी पानं अडगळीत टाकावीत, हा विचार कार्यालयांत आणि ग्रंथालयांत ठिकठिकाणी ऐकू येतो. तो सरळ सरळ नुकसानीचा आहे. स्कॅन झालेलं असलं तरी कागद ठेवावा, कारण स्कॅनमध्ये न उतरलेली पेन्सिलीची टिपणं, जुन्या अभियंत्याने लाल शाईने काढलेली फाट्याची दुरुस्ती ही मूळ पानावरच असते.

थरमंडचं १९०४ सालचं स्टेशन राष्ट्रीय उद्यान सेवेने दुरुस्त करून १९९५मध्ये पर्यटकांसाठी उघडलं. जॉन सेल्स यांचा १९८७चा ‘मेटवान’ हा खाण कामगारांच्या लढ्यावरचा चित्रपट याच गावात चित्रित झाला. घळीचा हा प्रदेश डिसेंबर २०२०मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि राखीव क्षेत्र झाला. कोळशाच्या गाड्या अजून जातात, आणि ॲमट्रॅकची कार्डिनल आठवड्यातून तीन दिवस धावते, प्रवासी असेल तर थरमंडला थांबते.

ज्यांचं कुणी अमेरिकेत अशा डोंगराळ भागात राहतं, किंवा ज्यांना रेल्वेचा इतिहास लिहायचा आहे, त्यांनी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संग्रहात गावाचं नाव टाकून सगळ्या आवृत्त्या उतरवून घ्याव्यात. पैसे पडत नाहीत, परवानगी लागत नाही. एकच विनंती आहे: चौकोन मोजायला लागण्याआधी पानाच्या तळाशी जाऊन सर्वेक्षणाचं वर्ष वाचावं, आणि लिहिताना छपाईच्या वर्षाबरोबर तेही लिहावं.